सर्जन व्हायचंय आणि डीओ स्कूल निवडायचंय? मग आधी तिसरं वर्ष बघा

दरवर्षी मे महिना आला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा नाहीतर मुलीचा फोन येतो, एमसीएटी (अमेरिकेतली मेडिकलची प्रवेशपरीक्षा) झालीय, यादी बनवायचीय, सर्जरीच करायचीय, डीओ स्कूल्समध्ये कुठे अप्लाय करू? आणि बऱ्याचदा मागून आईचा आवाज येतो, "अगं पण डीओ म्हणजे खरा डॉक्टर ना?" तर पहिले ते संपवू. डीओ म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, आणि अमेरिकेत हा पूर्ण डॉक्टर, एमडीसारखंच लायसन्स, औषधं लिहिणं, ऑपरेशन करणं सगळं सेम. भारतात, इंग्लंडमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात ज्यांना ऑस्टिओपॅथ म्हणतात ते हाताने उपचार करणारे थेरपिस्ट असतात, त्यांचा आणि या डिग्रीचा गोंधळ करू नका, नात्यातल्या लोकांना पण हेच सांगा. अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरने १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं, आणि आज अमेरिकेतल्या दर ४ मेडिकल स्टुडंट्सपैकी १ पेक्षा जास्त जण डीओ स्कूलमध्ये शिकतात.

अजून एक, पुणे-नाशिकहून विचारणाऱ्यांसाठी. बारावीनंतर थेट डीओला जाता येत नाही, आधी बॅचलर्स लागतं, ठरावीक सायन्सचे कोर्सेस लागतात आणि ते बहुतेक शाळांना अमेरिकन कॉलेजमधलेच हवे असतात. आणि ज्यांचं एमबीबीएस झालंय त्यांनी डीओच्या वाटेला जायचं कारणच नाही, त्यांचा रस्ता यूएसएमएलई ही लायसन्सची परीक्षा देऊन सरळ रेसिडेन्सीचा, म्हणजे डिग्रीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगचा. हा लेख इथे अमेरिकेत कॉलेज करत असलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी आहे.

माझं म्हणणं सगळं मिळून एकच आहे. सर्जन व्हायचं असेल तर शाळेचं नाव, बिल्डिंग, सिम्युलेशन लॅब यावर भाळू नका, तिसऱ्या वर्षी तुम्ही कुठल्या हॉस्पिटलच्या ओआरमध्ये (ऑपरेशन थिएटरमध्ये) कुणाच्या शेजारी उभे असणार आहात ते शोधून काढा आणि त्यावरून निवडा. पहिली दोन वर्षं जवळपास सगळीकडे सारखीच जातात, तेच प्रश्नसंच, तेच व्हिडिओ, तेच फ्लॅशकार्ड्स. फरक पडतो तो तिसऱ्या वर्षी, आणि ज्याला फॅमिली मेडिसिन करायचंय त्याला तो फरक तितका नडत नाही, सर्जरीवाल्याला मात्र नडतो.

पायरी १: आपल्याला नक्की कुठली सर्जरी हवीय ते थोडं तरी ठरवा

२०२० च्या आधी डीओंच्या वेगळ्या रेसिडेन्सी होत्या, एओए नावाची संस्था त्यांना मान्यता द्यायची. २०१५ ते २०२० या काळात त्या सगळ्या एसीजीएमई या एमडींच्या रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या एकाच छताखाली आल्या. काही जुने प्रोग्रॅम बंद पडले, पण जे टिकले त्यातले बरेच जनरल सर्जरी आणि ऑर्थोचे प्रोग्रॅम मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी या पट्ट्यात आहेत, आणि तिथे आजही डीओ रेसिडेंट भरपूर दिसतात. म्हणून डीओ होऊन जनरल सर्जरीला जाणं हे नीट प्लॅन केलं तर अगदी जमण्यासारखं आहे, ऑर्थो पण जमतं पण चुरस खूप जास्त. न्यूरोसर्जरी, इंटिग्रेटेड (म्हणजे डिग्रीनंतर थेट) प्लास्टिक, इंटिग्रेटेड कार्डिओथोरॅसिक इथे डीओ फार थोडे दिसतात, मन लागलेलं असेल तर जरूर जा पण तेव्हा रिसर्चची सोय असलेली शाळा हा मुद्दा यादीत एकदम वर येतो. आणि व्हॅस्क्युलर, कोलोरेक्टल, ट्रॉमा हे सगळं जनरल सर्जरीची ५ वर्षं झाल्यावर फेलोशिप म्हणजे पुढचं खास ट्रेनिंग करूनही होतं, त्यामुळे विशीतच सगळं ठरलं पाहिजे असं काही नाही.

एकदम ठाम नसलात तरी चालेल. पण "सर्जरी की मेडिसिन बघू नंतर" असं असेल तर शाळा निवडताना सर्जरी धरूनच निवडा, कारण सर्जरीसाठी चांगली शाळा मेडिसिनसाठी पण चालते, उलटं दरवेळी होत नाही.

पायरी २: यादी बनवताना राज्य बघा, खिसा बघा, व्हिसा बघा

बहुतेक डीओ शाळांचा अर्ज एएसीओएमएएस या एकाच पोर्टलवरून जातो, तो मेच्या सुरुवातीला उघडतो आणि ॲडमिशन रोलिंग असतात, म्हणजे जो लवकर पूर्ण अर्ज टाकतो त्याला इंटरव्ह्यू लवकर. टेक्सासचं वेगळं, टीकॉमसारख्या तिथल्या सरकारी डीओ स्कूलला टीएमडीएसएएस हे त्यांचं स्वतःचं पोर्टल आहे, आणि टेक्सासच्या सरकारी मेडिकल स्कूल्समध्ये बाहेरच्या राज्यातल्यांना १० टक्क्यांपेक्षा जास्त जागा नाहीत, त्यामुळे डॅलस-ह्यूस्टनच्या मुलांनी ही संधी सोडू नये आणि न्यू जर्सीवाल्यांनी फार आशा ठेवू नये.

सरकारी डीओ शाळा मोजक्याच आहेत. मिशिगन स्टेट, ओहायो युनिव्हर्सिटीचं हेरिटेज कॉलेज, फोर्ट वर्थचं टीकॉम, ओक्लाहोमा स्टेट, न्यू जर्सीत रोवन-व्हर्चुआ, वेस्ट व्हर्जिनिया, टेक्सासमध्ये सॅम ह्यूस्टन स्टेट. आपल्या राज्यात यातली एखादी असेल तर ती यादीत पहिली टाका, फी कमी हे एक कारण आहेच पण यातल्या बऱ्याच शाळांचं आपल्या राज्यातल्या हॉस्पिटल्सशी नातं जुनं आणि पक्कं आहे हे सर्जरीवाल्यासाठी त्याहून मोठं कारण.

पैशाचं आता फार गंभीरपणे घ्या, कारण नियम बदललेत. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस लोन (सगळा खर्च भागवता येईल असं फेडरल कर्ज) बंद झालं, आणि मेडिकलसारख्या कोर्सला फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार डॉलर, एकूण २ लाख डॉलर ठरली. खाजगी डीओ शाळेत फी आणि राहणं-खाणं धरून वर्षाचा खर्च ९० हजार ते १ लाखाच्या घरात सहज जातो. म्हणजे वर्षाला ४०-५० हजार कुठून आणणार याचं उत्तर अर्ज करायच्या आधी घरात बसून काढावं लागेल, खाजगी कर्ज घेतलं तर बऱ्याचदा को-साइनर, म्हणजे कर्जाची हमी घेणारा, लागतो आणि तो बहुतेक वेळा बाबाच असतात. हे सर्जनच्या बाबतीत अजून महत्त्वाचं का, तर रेसिडेन्सी ५ वर्षं, पगार साधारण ६० ते ८० हजार, मधे रिसर्च इयर आणि पुढे फेलोशिप धरली तर व्याज चढतच राहतं. नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलमध्ये रेसिडेन्सी केली तर ती वर्षं पीएसएलएफ या कर्जमाफी योजनेच्या १२० हप्त्यांत मोजली जाऊ शकतात, पण फक्त फेडरल कर्जासाठी, खाजगी कर्जाला ही सवलत नाही. म्हणून कमी फी ही सर्जन होऊ बघणाऱ्यासाठी थेट करिअरची गोष्ट आहे.

व्हिसाचं पण सांगतो कारण आपल्या घरांमध्ये हा प्रश्न कायम असतो. एच-फोर या डिपेंडंट व्हिसावर वाढलेली मुलं २१ ची झाली की त्यांना एफ-वन या स्टुडंट व्हिसावर जावं लागतं, ग्रीन कार्डची रांग संपलेली नसते, आणि बऱ्याच डीओ शाळा फक्त सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. ज्या घेतात त्यातल्या काही आधीच फीचे पैसे खात्यात दाखवायला सांगतात, आणि फेडरल कर्ज तर मिळतच नाही. बहुतेक शाळांच्या साइटवर इंटरनॅशनल स्टुडंट्सची माहिती असते, ती अर्जाची फी भरायच्या आधी वाचा.

पायरी ३: तिसऱ्या वर्षाची सर्जरी रोटेशन खोदून काढा

हीच सगळ्यात मोठी पायरी, इथे घाई करू नका.

बहुतेक डीओ शाळांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. पहिली दोन वर्षं कॅम्पसवर होतात आणि मग मुलं वेगवेगळ्या शहरांत, कधी वेगवेगळ्या राज्यांत, हॉस्पिटल्समध्ये आळीपाळीने कामाला पाठवली जातात, यालाच रोटेशन म्हणतात. यात दोन प्रकार पडतात. एक म्हणजे वॉर्ड-बेस्ड, जिथे सर्जरी रेसिडेंट्स आहेत, सकाळी ५ ला राउंड्स आहेत, ट्रॉमा पेजर वाजतो, मॉर्बिडिटी-मॉर्टॅलिटी कॉन्फरन्स (गुंतागुंत किंवा मृत्यू झालेल्या केसेसची चर्चा) होते आणि स्टुडंट टीमचा भाग असतो. दुसरा प्रिसेप्टर-बेस्ड, म्हणजे गावातले एक सर्जन आणि तुम्ही, दोघंच. प्रिसेप्टर चांगला मिळाला तर हात खूप चालतो, टाके घालायला मिळतात, लॅपरोस्कोपीचा कॅमेरा तुमच्याच हातात असतो, हे मी मनापासून सांगतो की काही मुलं यातून फार छान तयार होतात. पण रेसिडेंट्स कसे काम करतात, नोट कशी लिहितात, रात्री कन्सल्ट आला की काय क्रमाने विचार करतात हे कधी दिसतच नाही, आणि मग चौथ्या वर्षी ऑडिशन रोटेशनला, म्हणजे जिथे रेसिडेन्सी हवीय तिथे काम करून दाखवायला, मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेल्यावर पहिले दोन आठवडे नुसते रुळण्यात जातात. ऑडिशन साधारण ४ आठवड्यांचीच असते. त्यातले दोन गेले तर उरलं काय?

म्हणून शाळेला, आणि शाळेपेक्षा जास्त तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना, हे विचारा:

कोअर म्हणजे सगळ्यांना सक्तीची सर्जरी रोटेशन किती आठवड्यांची, ४ की ८? त्या हॉस्पिटलमध्ये जनरल सर्जरीची एसीजीएमई रेसिडेन्सी आहे का, की फक्त फॅमिली मेडिसिनची आहे? (शाळा "आमच्या हॉस्पिटल्समध्ये रेसिडेन्सी आहेत" एवढंच सांगते, कुठल्या ते विचारावं लागतं.) नाइट कॉल असतो का? ट्रॉमा सेंटर आहे का आणि कुठल्या लेव्हलचं? साइट कशी ठरते, लॉटरीने, मार्कांवर, की आपण पसंती देऊ शकतो? लॉटरीत सर्जरीची सोय नसलेली साइट आली तर बदलून मिळते का? वर्षात किती वेळा सामान उचलून दुसऱ्या शहरात जायचं आणि त्या घरभाड्याचे पैसे कोण देतं?

दोन-तीन उदाहरणं देतो म्हणजे शाळांच्या रचनेत केवढा फरक असतो ते कळेल. मिशिगन स्टेटच्या डीओ कॉलेजची मुलं राज्यभरातल्या बेस हॉस्पिटल्सना जोडली जातात, त्यांची स्टेटवाइड कॅम्पस सिस्टीम बरीच जुनी आहे आणि त्या हॉस्पिटल्सपैकी अनेक ठिकाणी रेसिडेन्सी चालतात. ओहायोच्या हेरिटेज कॉलेजचे तीन कॅम्पस आहेत, अथेन्स, डब्लिन आणि क्लीव्हलंड, त्यातला डब्लिन ओहायोहेल्थशी जोडलेला आणि क्लीव्हलंडचा कॅम्पस क्लीव्हलंड क्लिनिकच्या साउथ पॉइंट हॉस्पिटलच्या आवारात. कोलंबसचं डॉक्टर्स हॉस्पिटल हे ओहायोहेल्थचं, जुनं ऑस्टिओपॅथिक हॉस्पिटल, तिथे सर्जरीची रेसिडेन्सी आहे. टल्सात ओक्लाहोमा स्टेटचं मेडिकल सेंटर कॉलेजच्या जवळच आहे आणि तिथे पण सर्जरी रेसिडेन्सी चालते. याउलट अ‍ॅरिझोनातलं ए. टी. स्टिलचं सोमा घ्या, तिथे मुलं दुसऱ्या वर्षापासूनच देशभरातल्या कम्युनिटी हेल्थ सेंटर्सवर जातात, रचनाच गरजू वस्त्यांमधल्या प्रायमरी केअरभोवती उभी केलेली आहे. ते काम मोलाचंच आहे, पण सर्जरीवाल्याने तिथला पर्याय निवडताना आपल्या वाट्याला येणाऱ्या सेंटरच्या जवळ कुठलं हॉस्पिटल आहे ते आधी बघून मगच निवडावा.

कॅम्पस हा शब्द पण जपून वाचा. पीकॉम, लीकॉम, केसीयू, टूरो, नायटकॉम या डीओ शाळांचे एकापेक्षा जास्त कॅम्पस आहेत, शाळेचं नाव तेच पण फिलाडेल्फियातल्या मुलाला मिळणारी हॉस्पिटल्स आणि जॉर्जियातल्या मोल्ट्रीच्या मुलाला मिळणारी हॉस्पिटल्स एक नसतात. ज्या कॅम्पसची ऑफर आलीय त्याच कॅम्पसबद्दल विचारा.

पायरी ४: मॅच लिस्ट वाचायला शिका

मॅच म्हणजे कुणाला कुठली रेसिडेन्सी मिळणार ते ठरवणारी देशभराची प्रक्रिया. बहुतेक शाळा मार्चच्या सुमारास मॅच लिस्ट टाकतात आणि त्यात सर्जरी सर्जरी दिसतं, घरचे खुश होतात. पण सर्जरीच्या दोन जागा असतात. कॅटेगोरिकल म्हणजे पूर्ण ५ वर्षांची पक्की सीट. प्रिलिमिनरी म्हणजे १ वर्षाची सीट, वर्ष संपलं की पुढची जागा पुन्हा शोधा. काही लिस्टमध्ये दोन्ही एकाच ओळीत "जनरल सर्जरी" म्हणून लिहिलेलं असतं. यूरॉलॉजी, रेडिऑलॉजी वगैरेसाठी म्हणून प्रिलिम घेतलेले पण त्यात असू शकतात. तेव्हा इंटरव्ह्यूला सरळ विचारा, गेल्या ३ वर्षांत कॅटेगोरिकल जनरल सर्जरीत किती गेले, किती जणांनी सर्जरीला अर्ज केला होता. दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा. वर्गाचा आकारही बघा, ३०० च्या वर्गातून १२ जण गेले आणि १५० च्या वर्गातून १० जण गेले यात दुसरी शाळा पुढे आहे, नुसत्या लिस्टवरून हे कळत नाही.

यूरॉलॉजी आणि ऑप्थॅल्मॉलॉजीची मॅच वेगळी आणि लवकर होते, त्यामुळे ते नीट मोजलेत का तेही बघा. एकाच वर्षाची लिस्ट बघून काही ठरवू नका, एखादी बॅच फार चांगली असते. आणि कुठे गेले ते बघा, त्याच त्या दोन-तीन हॉस्पिटल्समध्ये दरवर्षी मुलं जात असतील तर ते फार चांगलं लक्षण आहे, याचा अर्थ तिथले प्रोग्रॅम डायरेक्टर या शाळेला ओळखतात.

सगळ्या डीओ सिनिअर्सचा, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांचा, मिळून मॅच रेट हल्ली ९२ टक्क्यांच्या आसपास असतो, पण हा आकडा सर्व स्पेशॅलिटी मिळून आहे, सर्जरीसाठी तो वापरू नका. एनआरएमपी ही मॅच चालवणारी संस्था डीओ सिनिअर्ससाठी चार्टिंग आउटकम्स नावाचा वेगळा रिपोर्ट काढते, फुकट आहे, त्यात स्पेशॅलिटीप्रमाणे स्कोअर आणि रिसर्चचे आकडे आहेत. संध्याकाळभर आईबाबांबरोबर बसून ते वाचा, कारण घरात सगळ्यांची समजूत एक असली की पुढचे निर्णय सोपे जातात. त्यांचाच प्रोग्रॅम डायरेक्टर सर्व्हे पण बघा.

आणि एक सोपी पण लोक करत नाहीत अशी गोष्ट. तुम्हाला जिथे राहायला आवडेल तिथल्या ८-१० जनरल सर्जरी प्रोग्रॅम्सच्या वेबसाइट उघडा, रेसिडेंट्सच्या फोटोखाली मेडिकल स्कूल लिहिलेलं असतं. डीओ किती आहेत आणि कुठल्या शाळेचे आहेत ते कागदावर लिहून काढा. एक दुपार जाते, पण शाळेच्या ब्रोशरमधून जे कधी कळणार नाही ते कळतं.

पायरी ५: परीक्षा आणि शाळेची पॉलिसी

डीओला कोमलेक्स ही डीओंची लायसन्स परीक्षा द्यावीच लागते, लेव्हल १ आणि लेव्हल २ पदवीआधी आणि लेव्हल ३ रेसिडेन्सीत. २०२२ पासून यूएसएमएलई स्टेप १ आणि कोमलेक्स लेव्हल १ दोन्ही फक्त पास-नापास झाल्या. कागदावर सर्जरी प्रोग्रॅम्स कोमलेक्स स्वीकारतात, पण एमडी अर्जदारांशी तुलना करायला बऱ्याच डायरेक्टर्सना स्टेप २चा आकडा हवा असतो, म्हणून सर्जरीचं डोक्यात असेल तर स्टेप १ आणि स्टेप २ दोन्ही द्यायच्या असंच धरून चाला. म्हणजे एकाच अभ्यासात दोन-दोन परीक्षा, प्रत्येकीची फी ६५० ते ७५० डॉलरच्या आसपास, आणि कोमलेक्समध्ये ओएमएमचे, म्हणजे हाताने करायच्या ऑस्टिओपॅथिक उपचारांचे प्रश्न वेगळे.

इथे शाळा मदत करते की अडवते ते बघायचं. अभ्यासासाठी सलग किती आठवडे मोकळे मिळतात, ४ की ८? यूएसएमएलई देणाऱ्यांना प्रश्नसंचाचे पैसे किंवा वेळ मिळतो का? कोमसे नावाची सराव परीक्षा असते, काही शाळा त्यात ठरावीक स्कोअर येईपर्यंत खरी कोमलेक्स द्यायलाच सोडत नाहीत आणि मग रोटेशन पुढे ढकलली जातात, तर तो स्कोअर किती ठेवलाय? पहिल्या प्रयत्नात किती जण पास होतात हे शाळांना जाहीर करावं लागतं, कोका ही मान्यता देणारी संस्था ते मागते, तेव्हा साइटवर स्टुडंट आउटकम्स शोधा. नवीन शाळा असेल आणि पहिली बॅच अजून बाहेर पडली नसेल तर तिला पूर्ण मान्यता मिळालेली नसते आणि हे आकडेही नसतात. नवीन शाळेत हुशार आणि कष्टाळू शिक्षक असू शकतात, पण सर्जरीवाल्याला जुन्या सीनियर्सचं जाळं लागतं, ते तिथे अजून विणलेलं नसतं, त्यामुळे हातात जुन्या शाळेची ऑफर असेल तर मी नवीन शाळा निवडणार नाही.

पायरी ६: पत्रं, चेअर आणि चौथं वर्ष

जनरल सर्जरीच्या अर्जात सर्जन्सची शिफारसपत्रं लागतात, एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त ४ पत्रं जातात, आणि बऱ्याच प्रोग्रॅम्सना त्यातलं एक सर्जरी विभागाच्या चेअरचं म्हणजे प्रमुखाचं हवं असतं. आता ज्या शाळेला सर्जरीचा विभाग नावापुरता आहे तिथे हे पत्र कोण लिहिणार? तुम्हाला कधी ओआरमध्ये बघितलंच नाही असा माणूस लिहिणार असेल तर ते पत्र कसं होईल तुम्हीच विचार करा. इंटरव्ह्यूला हा प्रश्न विचारला की समोरच्याच्या उत्तरावरून त्या शाळेत सर्जरी किती मनावर घेतली जाते ते लगेच कळतं.

मग चौथ्या वर्षाचं कॅलेंडर मागा. अर्ज सप्टेंबरच्या शेवटी प्रोग्रॅम्सकडे जातात, इंटरव्ह्यू त्यानंतर सुरू होतात, त्यामुळे जून ते ऑक्टोबर हे महिने ऑडिशनसाठी मोकळे हवेत. काही शाळा याच काळात रूरल किंवा इमर्जन्सीची सक्तीची रोटेशन टाकतात, काही एकाच स्पेशॅलिटीत किती महिने करता येतील यावर मर्यादा ठेवतात. ऑडिशनचे अर्ज बहुतेक व्हीएसएलओ या सिस्टीममधून जातात, शाळा त्यात आहे का, क्लिनिकल ऑफिस कागद वेळेवर पाठवतं का, अॅफिलिएशन अॅग्रीमेंटला, म्हणजे त्या हॉस्पिटलशी करायच्या कराराला, किती आठवडे लागतात, हे चौथ्या वर्षाच्या मुलांना विचारा. जागा असूनही कागद उशिरा गेला म्हणून रोटेशन हातची गेली असं होतं, आणि त्यात मुलाची काहीच चूक नसते, म्हणून यावर मी इतकं बोलतोय.

ऑर्थोवाल्यांसाठी एक जास्तीचं. तिथे अर्ज करताना ३० प्रोग्रॅम्सना सिग्नल, म्हणजे तुमच्याकडे यायला मी खास उत्सुक आहे अशी खूण, पाठवता येतो आणि सिग्नल न पाठवलेल्या ठिकाणी इंटरव्ह्यू मिळणं कठीण, आणि जिथे रोटेशन केलं तिथे शक्यता जास्त. म्हणजे ऑडिशनचे महिने जितके जास्त तितकं बरं.

रिसर्चबद्दल थोडक्यात. मिशिगन स्टेट, ओहायोसारख्या मोठ्या युनिव्हर्सिटीत लॅब्ज, बायोस्टॅटिस्टिक्सवाले, आयआरबी (संशोधनाला नैतिक परवानगी देणारी समिती) सगळं जवळ असतं. स्वतंत्र डीओ कॉलेजमध्ये ते शोधावं लागतं, पण हॉस्पिटलमधले सर्जन केस रिपोर्ट आणि चार्ट रिव्ह्यू करत असतात, पहिल्या वर्षीच एखाद्याच्या मागे लागलं तर काम मिळतं. गेल्या वर्षभरात किती मुलांचे सर्जरीतले पेपर किंवा पोस्टर झाले हे सर्जरी क्लबच्या प्रेसिडेंटला विचारा, सोसा नावाचा क्लब बऱ्याच डीओ शाळांत असतो.

पायरी ७: इंटरव्ह्यूला काय बोलायचं

बऱ्याच डीओ शाळांचं ध्येय प्रायमरी केअर आणि ग्रामीण भाग हे लिहून ठेवलेलं असतं, म्हणून मुलं घाबरून "मला फॅमिली मेडिसिन आवडतं" असं सांगतात. खोटं बोलू नका, कळतं. अमेरिकेच्या ग्रामीण भागात जनरल सर्जनची चणचण आहे, अपेंडिक्ससाठी माणसाला तासन्‌तास गाडीने जावं लागतं, आणि सर्जन असलेलं छोटं हॉस्पिटल टिकतं हे खरं आहे, ते तुम्हाला मनापासून पटत असेल तर तेच बोला. नाही पटत तर शहरातली सर्जरी म्हणा पण पेशंटशी आपलं काय नातं असावं ते सांगा. डीओ डॉक्टरबरोबर शॅडोइंग, म्हणजे सोबत राहून त्यांचं काम बघणं, केलेलं असेल आणि त्यांचं पत्र असेल तर फार मदत होते, काही शाळांना ते लागतंच. डीओ सर्जन मिळाला तर सोन्याहून पिवळं, त्यांना हेच विचारा की आज पुन्हा निवडायचं झालं तर कुठलं हॉस्पिटल जवळ असलेली शाळा निवडाल.

३ वर्षांत डिग्री देणारे प्रायमरी केअर ट्रॅक काही शाळांत असतात, फी वाचते म्हणून आईबाबांना ते आवडतात, पण ते फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन अशांसाठी बांधलेले असतात, सर्जरीचा विचार असेल तर त्यात सही करू नका.

पायरी ८: दोन-तीन ऑफर हातात आल्यावर

ऑफर आली की डिपॉझिट भरायला मुदत असते, रक्कम हजार-दोन हजार डॉलर किंवा जास्त आणि बहुतेक वेळा परत मिळत नाही, म्हणून तारखा कॅलेंडरवर लिहा. एक पान घ्या, प्रत्येक शाळेपुढे हे लिहा: माझ्या कॅम्पसच्या कोअर साइट्सपैकी किती ठिकाणी सर्जरी रेसिडेन्सी, ३ वर्षांतले कॅटेगोरिकल मॅच आणि वर्गाचा आकार, चौथ्या वर्षी जून ते ऑक्टोबर मोकळे आठवडे, ४ वर्षांचा एकूण खर्च आणि त्यातलं खाजगी कर्ज किती. माझ्या मते पहिल्या रकान्याला सगळ्यात जास्त वजन द्या, त्यानंतर खर्च. दोन शाळा जवळपास सारख्या असतील तर स्वस्त घ्या, आणि जी घराजवळ आहे तिला थोडं झुकतं माप द्यायला हरकत नाही, कारण तिसऱ्या वर्षी ५ ला राउंड असताना रविवारी घरी जाऊन आईच्या हातचं जेवून झोपायला मिळणं याने माणूस टिकतो, हे मी खूप जणांच्या बाबतीत बघितलंय.

एमडीची वेटलिस्ट चालू असेल तर राहू द्या, पण "एमडी मिळालं नाही म्हणून एक वर्ष थांबू" हा निर्णय नीट विचार करून घ्या. एमडी शाळांत आलेल्यांची एमसीएटीची सरासरी ५११-५१२ च्या आसपास असते आणि डीओ शाळांत ५०४ च्या आसपास, तुमचा स्कोअर आणि जीपीए (कॉलेजच्या ग्रेड्सची सरासरी) या दोन्हीच्या मधे कुठे बसतात ते बघा, थांबून तो खरंच वाढणार असेल तरच थांबा. काहीजण कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल स्कूल्सचा विचार करतात, सर्जरीसाठी तर मी डीओची ऑफर सोडून तिकडे जा असं कुणालाही सांगणार नाही.

डिपॉझिट भरलं की त्या आठवड्यातच क्लिनिकल एज्युकेशन ऑफिसला ईमेल करा, आपल्या बॅचसाठीची साइट्सची चालू यादी आणि साइट निवडीचे नियम मागून घ्या. हॉस्पिटल्सबरोबरचे करार बदलत असतात, मागच्या वर्षीची यादी तुमच्या वर्षी तशीच असेल असं नाही. आणि ज्या साइटवर सर्जरी रेसिडेन्सी आहे तिथे आत्ता असलेल्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा नंबर सर्जरी क्लबकडून मिळवा, ऑगस्टमध्ये क्लास सुरू व्हायच्या आधी एकदा फोनवर बोला, तिथे जागा मिळवायला पहिल्या वर्षीपासून काय करावं लागतं ते त्यांना नेमकं माहीत असतं.